उघडीप आणि युरिया

लावणी होऊन दोन-तीन आठवडे झाले, युरियाचा हात देऊन झाला, आणि पावसाने दडी मारली. खाचरातलं पाणी आटतं, चिखलाला बोटभर भेगा पडतात. मग एका रात्री आभाळ फुटतं आणि बांधावरून पाणी वाहतं. आठवड्याभरात भात पिवळं पडतं आणि शेतकरी म्हणतो, ‘खत बोगस होतं.’

बहुतेक वेळा खत खरं असतं, फक्त ते उडून गेलेलं असतं.

साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू नसतो. युरियापासून तयार झालेला अमोनियम तिथे मातीच्या कणांना धरून राहतो. भाताला तो चालतो. भेगा पडल्या की हवा आत शिरते आणि जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात. नायट्रेटला माती धरून ठेवत नाही. पुन्हा पाणी भरलं की थोडं नायट्रेट झिरपून जातं आणि उरलेल्यातून दुसरे जिवाणू प्राणवायू ओढून घेतात. नायट्रोजन हवेत परततो. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन जातो आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो. म्हणजे शेतकऱ्याच्या पैशाने आभाळच तापतं!

फेकलेल्या युरियाला तर उडून जायला उघडिपीचीही गरज नाही. दुपारच्या उन्हात खाचरातलं शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषतं, पाणी अल्कधर्मी होतं आणि अमोनिया थेट वर जातो. पाणी जितकं गरम, तितकी ही गळती जास्त.

आता पाऊसच असा तुटक झालाय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017मध्ये दाखवलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, एकूण पाऊस मात्र घटत होता.

अशा वेळी युरियाची आणखी एक गोण ओतणं हा उपाय नव्हे. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेती पद्धतीत उत्तर केव्हाचं आहे. युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची गोळी चार चुडांच्या मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. तिथे ऊन, शेवाळ, वाहतं पाणी पोचत नाही. वरवरची भेग पडली तरी गोळी बरीच वाचते.

मग सगळे का करत नाहीत? गुंठ्याला सव्वासहाशेच्या वर गोळ्या लागतात. त्याही एकेक, हाताने, वाकून. आणि लावणीलाच माणसं मिळत नाहीत.