तू नक्की कुणाची?

मागच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा करून झाल्यावर एक मुलगी आईशेजारी येऊन बसली. वडील इथले, आई तेलंगणातली. कुणीतरी सहज विचारलं, "तू नक्की कुणाची गं?" पोरगी गप्प झाली. आम्ही हसलो. घरी जाताना मात्र ते हसू आम्हालाच खुपलं. म्हणून आज एका लेखिकेविषयी बोलू.

नीना बुराउई यांचा जन्म १९६७ साली फ्रान्समधल्या रेन शहरात झाला. आई फ्रेंच, वडील अल्जेरियाचे. अल्जेरियावर फ्रान्सचं राज्य होतं. मोठं युद्ध होऊन १९६२ साली तो देश स्वतंत्र झाला. म्हणजे कालपरवा लढलेल्या दोन्ही बाजूंची माणसं एकाच घरात! नीनाचं बालपण अल्जिअर्समध्ये गेलं. चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो देश सुटला.

२००० साली त्यांची 'गार्सों मांके' ही कादंबरी आली. ती आत्मचरित्रात्मक आहे, म्हणजे जगणं स्वतःचं, पण मांडणी गोष्टीची. यातली मुलगी अल्जेरियात फ्रेंच ठरते आणि सुट्टीत आजोळी रेनला गेली की अल्जेरियन. भर म्हणजे, अल्जिअर्सचा रस्ता पुरुषांचा. मोकळं फिरायचं तर मुलगा व्हावं, असं तिला वाटतं. ती केस आखूड ठेवते, स्वतःला अहमद म्हणवते. वडील तिला ब्रिओ म्हणतात. एकाच पोरीची किती नावं!

पुस्तकाच्या नावाचा रोजच्या फ्रेंचमधला अर्थ मुलासारखी वागणारी मुलगी. शब्दशः पाहिलं तर 'हुकलेला मुलगा'. जणू मुलगी म्हणजे मुलगा व्हायचा राहून गेलेला जीव. देश कुठला आणि मुलगी की मुलगा, हे दोन प्रश्न इथे एकमेकांत गुंततात, कारण दोन्हीकडे लोक तिला एकच बाजू निवडायला लावतात. शेवटी रोममध्ये, जिथे ती कुणाचीच नाही, तिथे तिला आपलं शरीर आपलं वाटतं.

आपल्यालाही हे थोडं ठाऊक आहे. आधारवर माहेरचं नाव, बँकेच्या पासबुकावर सासरचं, आणि कर्जाच्या वेळी दोन्ही एकाच बाईची आहेत हे सिद्ध करत बसायचं.

फॉर्ममध्ये नावाला एकच चौकट असते. माणूस तेवढ्यात मावत नाही. पुढच्या बैठकीला ती मुलगी आली, तर तिला आम्ही 'कुणाची' असं विचारणार नाही. "तुला काय आवडतं गं?" असं विचारू. तुम्हीही विचारून बघा.