डोस कुणाला किती

सकाळी ८. मनोविकार वॉर्डात राउंड. क्लोझापिनवरचा एक रुग्ण दिवसभर पेंगतो, लाळेनं उशी भिजलेली. डोस जुनाच, फरक एवढाच, की भरती झाल्यापासून बिडी बंद. बिडीच्या धुरानं यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम जोर धरतं आणि क्लोझापिन भराभर संपवतं. धूर थांबला की तेच औषध रक्तात साचतं. पातळी तपासायला रक्त घेतलं आणि डोस उतरवला.

१०. ओपीडी. "डॉक्टर, ऐकू येणारे आवाज कमी झालेत, पण पोरगा लाकडासारखा झालाय हो," आई म्हणाली. रिस्पेरिडोन, फक्त २ मिलिग्रॅम. त्याचं कोपर वाकवून पाहिलं. हात सलग वाकेना, अडकत अडकत येत होता. हे औषध मुख्यतः सीवायपी२डी६ हे एन्झाइम संपवतं. काहींच्यात त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण ५ ते १० टक्के, आपल्याकडे त्याहून कमी. अशांना नेहमीच्या डोसच्या ६७ टक्केच द्यावा, असं डच मार्गदर्शक सूचना सांगतात. उलट, ज्यांच्यात जनुकाच्या जादा प्रती असतात त्यांच्यात औषध टिकतच नाही, आणि फाइलवर शेरा पडतो: 'गोळ्या घेत नाही'. पातळी न तपासता मारलेला हा शेरा वाचला की मला संताप येतो.

पिशवीतल्या पट्ट्या टेबलावर ओतायला सांगितल्या. त्यांत पॅरोक्सेटिन निघालं, दुसरीकडून उदासीसाठी दिलेलं. ते हेच एन्झाइम अडवतं. जनुक धडधाकट असलं तरी शरीर मग मंद पचवणाऱ्यासारखं वागतं. रिस्पेरिडोन कमी केलं. पॅरोक्सेटिन हळूहळू सोडवायचं ठरलं.

"जीन टेस्ट केली तर कुठल्या गोळीनं बरा होईल ते कळेल का?" आईनं विचारलं. नाही. औषध रक्तात किती टिकेल याचा अंदाज येतो. आवाज कशानं थांबतील ते ही टेस्ट सांगत नाही.

दुपारी १. क्लोझापिनवाल्यांचे रक्ताचे रिपोर्ट. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधानं पांढऱ्या पेशी घटून रुग्ण दगावले, तेव्हापासून ही मोजणी. काही एचएलए जनुकांशी या धोक्याचा संबंध सापडलाय, पण मोजणी सोडून द्यावी इतका भरवशाचा नाही.

४. निवासी डॉक्टर विचारते, "सर, सगळ्यांचीच टेस्ट का नको?" खर्च रुग्णाच्या खिशातून जातो, आणि पुष्कळदा बिडी, इतर गोळ्या आणि रक्तातली पातळी यांतच उत्तर मिळतं. पण दोन औषधं लहान डोसातही सोसली नाहीत, तर टेस्ट मी मागतोच.