गुढीची काठी

चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या आदल्या दिवशी आपल्याकडील कोणत्याही घरी जावे. तांब्याचा गडू चिंचेने घासून लखलखीत झालेला असतो, जरीचा खण पेटीतून बाहेर आलेला असतो, साखरेच्या गाठी देवघरात मांडलेल्या असतात, कडुनिंबाचा डहाळा कोणाच्या अंगणातून आणावयाचा हेही ठरलेले असते. आठवण राहात नाही ती एका वस्तूची. दिवेलागणीच्या सुमारास कोणीतरी विचारते, "अहो, काठी कुठे आहे?" मग धावपळ सुरू होते आणि जी हाती लागेल ती काठी घरी येते.

वास्तविक या पूजेत काठीचा मान पहिला आहे. महाभारताच्या आदिपर्वात उपरिचर वसू या चेदिराजाची कथा आहे. त्याच्या तपावर प्रसन्न होऊन इंद्राने त्याला वेळूची काठी दिली. राजाने वर्ष सरताना ती भूमीत रोवली आणि गंध, पुष्पमाला व वस्त्रालंकारांनी सजवून तिचे पूजन केले. आपल्या गुढीचे मूळ अनेकजण या कथेत पाहतात. म्हणजे खण, गाठी आणि कलश हे काठीचे अलंकार होत. ज्यावर अलंकार चढवावयाचे, ती काठीच पारखून घेतलेली नसेल तर कसे चालेल?

हे शहाणपण आम्हांसही अनुभवानेच आले. एका वर्षी आम्ही वर्ध्याच्या बाजारातून एक हिरवीगार, तुकतुकीत, सरळसोट काठी मोठ्या हौसेने आणली. गुढी उभी राहिली तेव्हा शेजारीपाजारी कौतुक करून गेले. पण चैत्राचे ऊन डोक्यावर येताच काठी वाकू लागली आणि दुपारपर्यंत कलश गच्चीच्या कठड्याकडे झुकला. गृहिणीचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. सणाच्या दिवशी गुढी कलणे कोणाला रुचेल? तीच काठी आम्ही पुढे माळ्यावर ठेवली, तर पोळ्याच्या सुमारास तिच्यातून पिठासारखा भुसा गळू लागला. भुंगा लागला होता.

एका वृद्ध बुरडाने आम्हांस त्याचे कारण सांगितले, "साहेब, तुम्ही लेकरू तोडून नेलं होतं." वेळू हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत आहे. त्याचा कोंब पावसाळ्यात जमिनीतून वर येतो, अवघ्या दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि पुढे त्याची जाडी वाढत नाही. मात्र तो आतून पक्का होण्यास तीन वर्षे लागतात. तोवर तो पाणीदार असतो, म्हणून उन्हात वाकतो. आणि त्यात पिष्ट भरपूर असते, म्हणून भुंग्याला प्रिय असतो. शिवाय बेटातील नवे कोंब बहुधा या कोवळ्या वेळूंच्याच मुळाशी फुटतात. कोवळा तोडला की पुढील पिढीच खुंटते.

संस्कृतात वेळूला 'वंश' म्हणतात आणि कुळालाही 'वंश'च म्हणतात, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. ज्या गुढीपुढे हात जोडून आपण घराच्या वंशवेलीचे कल्याण मागतो, तिच्यासाठी दुसऱ्याचा वंश खुंटवावा, हे पूजेला शोभणारे नाही.

तेव्हा काठी कशी पारखावी? तेजस्वी हिरव्या रंगाला भुलू नये. अंगावर पांढरी भुकटी असेल, पेरांना वाळकी आवरणे चिकटलेली असतील, तर तो वेळू यंदाचा समजावा. पक्क्या वेळूचा रंग मंदावलेला, पिवळसर झाक असलेला असतो. अंगावर फिकट डाग दिसतात आणि बोटाच्या पेराने ठोकले असता खणखणीत नाद येतो. आपल्या विदर्भात मानवेल आणि कटांग हे दोन प्रकार विशेष आढळतात. कटांग जाड, पोकळ व काटेरी असतो. मानवेल बारीक आणि बहुधा भरीव. गुढीला मानवेल उत्तम.

आणि काठी घ्यावी ती बुरडाच्या दारातून. बाळाला निजवण्याच्या सुपापासून रुखवताच्या दुरडीपर्यंत आपल्या प्रत्येक मंगलकार्यात त्याचा हात लागलेला असतो. या समाजाला पूज्य असलेले केतय्या हे बाराव्या शतकातील, महात्मा बसवेश्वरांच्या काळचे शिवशरण. वेळू तोडून, टोपल्या विणून त्यांनी अतिथींची सेवा केली. त्यांची परीक्षा पाहण्यासाठी शिवाने वेळूत सोने भरले, तेव्हा 'हा किडका' म्हणून त्यांनी तो बाजूला सारला, अशी कथा सांगतात. आपण मात्र पाच-दहा रुपयांसाठी अशा कारागिराशी घासाघीस करीत बसतो!

कायद्यानेही या गवताला पुष्कळ काळ झाडांत मोजले. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातील ती व्याख्या २०१७ साली बदलली आणि वनाबाहेर वाढवलेला वेळू झाडांच्या यादीतून वगळला गेला. त्याआधी २००६ च्या वनहक्क कायद्याने वेळूला गौण वनोपज मानले होते, आणि २०११ साली आपल्याच विदर्भातील, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेला आपल्या वनातील वेळूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. शेताच्या बांधावर एक बेट लावणे आता सुलभ आहे. गावाला लागणारी वस्तू गावाजवळच निपजावी, हा विचार तर वर्धेकरांना नवा नाही. सेवाग्रामची बापूकुटी माती, लाकूड आणि वेळू यांचीच उभी आहे, आणि १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे केंद्र आपल्या मगनवाडीतच होते.

भुसा पडलेल्या त्या काठीनंतरच्या वर्षी आम्ही पंधरा दिवस आधी बुरडाकडे गेलो आणि त्याच्या पसंतीने मानवेल आणला. काही आठवडे पाण्यात बुडवून, मग सावलीत वाळवून त्याने तो तयार ठेवला होता. अशाने पिष्ट निघून जाते व भुंगा लागत नाही. तीच काठी आमच्या घरी आजही उभी राहते. दरवर्षी नवी काठी हवी असा आमच्या घरी दंडक नाही; अनेक घरांतून जुनीच काठी स्वच्छ धुऊन, हळदकुंकू लावून पूजेला घेतात.

सूर्यास्तापूर्वी साखरेचा नैवेद्य दाखवून गुढी उतरवावी. खण पेटीत, गडू देवघरात जातो. काठी मात्र कोपऱ्यात टाकून देऊ नये. ती पुसून, तेलाचा हात फिरवून, कोरड्या जागी आडवी ठेवावी आणि ती कोठे ठेवली हे घरातील मुलांना दाखवून ठेवावे. पुढील पाडव्याला ती त्यांनीच काढावयाची आहे.