मुठीत मावणारी गाडी केवढ्याला घ्यावी?

गेल्या महिन्यात भाच्याचा मेसेज आला. फोटो आणि खाली एक ओळ : "मामा, तीन हजार मागतोय. घेऊ का?" फोटोत हॉट व्हील्सची जांभळी मोटार, पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या फुग्यात बंद. याच कंपनीच्या साध्या गाड्या आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात दीडशे-दोनशे रुपयांना टांगलेल्या असतात. मग वरचे अठ्ठावीसशे कशाचे?

मुख्यतः रबरी टायरांचे. हॉट व्हील्स बनवणारी मॅटेल कंपनी १९९५ पासून दरवर्षी काही गाड्या 'ट्रेझर हंट' म्हणून कमी संख्येने काढते आणि साध्या गाड्यांच्या खोक्यांत मिसळून टाकते. या नादातली मंडळी त्यांना 'टीएच' म्हणतात. २००७ पासून त्यातही दोन जाती झाल्या. आजच्या साध्या टीएचवर कुठेतरी वर्तुळातल्या ज्वाळेचं चिन्ह असतं. 'सुपर'ला मात्र झळाळता रंग, प्लास्टिकऐवजी रबराचे टायर आणि अंगावर 'टीएच' ही अक्षरं. छापील किंमत सगळ्यांची एकच. दुकानदाराला ओळखता आली नाही तर सुपरही दीडशे-दोनशेतच मिळते, म्हणून माल यायच्या दिवशी शटर वर जायच्या आधीच काही जण दुकानाबाहेर उभे असतात. त्यातले काही हौशी, काही त्याच संध्याकाळी वीसपट भावाने विकायला बसणारे.

आता भाव. इथे बहुतेक जण पहिल्याच पायरीवर घसरतात, कारण मागितलेली रक्कम आणि मिळालेली रक्कम यांत ते फरक करत नाहीत. कुणीही जुन्या डब्यातली गाडी काढून लाख रुपये मागू शकतो, मागायला पैसे पडत नाहीत. मोठ्या लिलावाच्या संकेतस्थळांवर 'विकलेल्या वस्तू' वेगळ्या पाहता येतात. तिथले शेवटचे दहा-बारा सौदे पाहावेत, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्यावा. उरतो तो बाजार.

हॉट व्हील्सच्या दुनियेतली सगळ्यात गाजलेली गाडीही याला अपवाद नाही. १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या व्हॅनवरून 'बीच बॉम्ब' नावाचं मॉडेल घडत होतं. मागच्या काचेतून दोन सर्फबोर्ड बाहेर आलेले. पण गाडी इतकी अरुंद आणि वर जड झाली की ट्रॅकवर गाड्यांना रेटा देणाऱ्या यंत्रातून ती नीट जाईना. कंपनीने ती रुंद केली, सर्फबोर्ड बाजूला नेले आणि तीच बाजारात आणली. आधीचे मोजके नमुने उरले, त्यातले गुलाबी तर अगदीच थोडे. त्यातला एक अमेरिकेतल्या एका संग्राहकाने सुमारे ७२ हजार डॉलरला घेतला. पुढे त्याची किंमत दीड लाख डॉलर असल्याचं छापून येत राहिलं. पण दीड लाख हा अंदाज. रोख मोजले गेले ते बहात्तर.

या गोष्टीतली खरी मेख वेगळीच आहे. बीच बॉम्ब दुर्मीळ व्हावी असं कुणी ठरवलं नव्हतं, ती फसली म्हणून दुर्मीळ झाली. उलट जे खेळणं जन्मतःच 'दुर्मीळ' म्हणून विकलं जातं, ते सगळेच जपून ठेवतात. मग ते दुर्मीळ राहणार कसं?

नव्वदच्या दशकात अमेरिकेत बीनी बेबीज या पाचेक डॉलरच्या कापडी प्राण्यांचं असंच झालं. कंपनी एकेक प्राणी 'निवृत्त' करायची की लोक पेट्या भरभरून घ्यायचे, कानाला लावलेल्या चिठ्ठीला चुणी पडू नये म्हणून वर प्लास्टिकचं टोपण. १९९९ मध्ये लास व्हेगासच्या कोर्टात घटस्फोट घेतलेलं एक जोडपं जमिनीवर उकिडवं बसून या प्राण्यांची वाटणी करत होतं, तो फोटो जगभर छापून आला. थोड्याच वर्षांत त्या पेट्यांना कुणी विचारेना. प्राणी सगळे जिवंत होते, हीच अडचण! लाबूबू बाहुल्यांचंही तेच. २०२५ च्या जूनमध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाएवढी लाबूबू बाहुली १० लाख ८० हजार युआनला गेली. त्याच महिन्यात ती बनवणाऱ्या कंपनीने छोट्या बाहुल्यांचा नवा माल सोडला आणि त्यांचे वरचे भाव उतरले.

खेळण्याला भाव चढतो तो पोरांनी ते मोडल्यामुळे, आणि ती पोरं चाळिशीत पगारदार झाल्यामुळे. ज्या पिढीच्या हातून ते हरवलं, तीच पिढी ते परत विकत घेते. ती पिढी थकली की भावही बसतो. त्यामुळे तीन हजारांच्या सुपरकडे मुदत ठेव म्हणून पाहणाऱ्यांशी माझं जमत नाही.

भाच्याला मी तळाचा फोटो मागवायला सांगितलं. गाडीचा तळ रिबिटांनी जोडलेला असतो. ती कोरून काढून रबरी टायर बसवले, की साधी गाडी दिसायला 'सुपर' होते. रिबिटांवर ओरखडा दिसला की समजावं. पुठ्ठाही पाहावा : अलीकडच्या सुपरच्या मागे, गाडीच्या आड, सोनेरी ज्वाळा छापलेली असते. तळावरचं साल पाहून मात्र हुरळू नये. ते बहुधा साच्याच्या हक्काचं असतं, गाडी कधी बनली त्याचं नव्हे. १९८० कोरलेली गाडी वीस वर्षांनंतरची निघू शकते.

विक्रेत्याने तळाचा फोटो पाठवलाच नाही, "घ्यायची तर घ्या" म्हणाला. भाच्याने नाही घेतली. दोन आठवड्यांनी दुसरीकडे तीच गाडी, पुठ्ठ्याचा कोपरा दुमडलेली, चौदाशेला मिळाली. त्याने ती घरी आणून फोडली आणि फरशीवर सोडली. बहिणीला चौदाशेही जास्त वाटले. मला नाही वाटले, कारण फोडायचीच असेल तर कोपऱ्याचे पैसे कशाला द्यायचे?

जाता जाता, चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांसाठी. हॉट व्हील्स एके काळी लिओ मॅटेल या नावाने भारतातच बनायच्या. त्यांचे काही रंग अमेरिकेत कधी निघालेच नाहीत, म्हणून परदेशातले संग्राहक आज त्या शोधतात. आपण त्या अंगणातल्या मातीत पळवल्या, म्हणून फार थोड्या उरल्या. माळ्यावरच्या डब्यात एखादी सापडली, तर ती घासू नका, रंगवू तर मुळीच नका. आधी उलटी करून तळ वाचा.