ठेका ऐकू येतो, अभंग नाही

कपाळावर पट्टा बांधला की मुलाचे लक्ष अभ्यासात आहे की नाही हे मोबाइलवर दिसते म्हणे, घ्यावा का? पालकांचा हा प्रश्न आता वरचेवर येतो. उत्तरासाठी शंभर वर्षे मागे, जर्मनीतल्या येना शहरात जायला हवे.

तिथला मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडला आणि तोफगाड्याखाली चिरडता चिरडता वाचला. त्याच दिवशी वडिलांची तार आली: सुखरूप आहेस ना? दूर घरी बहिणीला त्याच्यावरचे संकट जाणवले होते! आपले भय तिच्यापर्यंत पोहोचले कसे, या ध्यासाने बर्गर मेंदूकडे वळला. १९२४ मध्ये त्याने माणसाच्या मेंदूतली वीज प्रथम नोंदवली. स्वतःचाच विश्वास बसेना, म्हणून पाच वर्षे पडताळत राहिला. मुलगा क्लाउसच्या डोक्यालाही तारा जोडल्या. डोळे मिटले की सेकंदाला सुमारे १० लाटा, उघडले की त्या ओसरत. १९२९ चा त्याचा निबंध फारसा कोणी मनावर घेतला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजचे शास्त्रज्ञ एड्रियन यांनी दुजोरा दिला, तेव्हा कुठे जग वळले.

वारीत टाळांचा ठेका लांबवर ऐकू येतो, कारण हजारो हात एकदम पडतात. एखादा वारकरी मनाशी काय पुटपुटतो, ते मात्र शेजाऱ्यालाही कळत नाही. कवटीबाहेर पोहोचतो तो मेंदूतल्या पेशींचा असाच सामूहिक ठेका, तोही पेन्सिल सेलच्या सुमारे ३०,००० व्या हिश्श्याइतका क्षीण. नुसती पापणी लवली तरी त्याहून मोठा गलका होतो.

तरीही या ठेक्याचे मोल मोठे आहे. १९८८ मध्ये फारवेल आणि डॉन्चिन या संशोधकांनी पडद्यावर अक्षरे लुकलुकवली. हवे ते अक्षर उजळले की सुमारे ०.३ सेकंदाने मेंदूत लाट उसळते. त्यावरून मिनिटाला दोनेक अक्षरे उमटली. ज्याचे सारे शरीर लुळे पडले आहे, त्याच्यासाठी ही वाचा आहे.

पण ठेक्यावरून मन वाचल्याचा दावा महागात पडतो. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्यात मेंदूलहरींच्या चाचणीचा अहवाल आरोपीविरुद्ध ग्राह्य धरला गेला. अशी चाचणी संमतीशिवाय घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावले.

पालकांनो, कपाळावरचा पट्टाही हाच ठेका ऐकतो, म्हणून त्याचा आकडा हे मुलाचे मन नव्हे. लक्ष का लागत नाही, हे त्यालाच जवळ बसवून विचारा.