समुद्राला दार लावणारी उघाडी

मुलांनो, तुमच्यापैकी जे पेण-अलिबागच्या खारेपाटात राहतात, त्यांना उघाडी म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते.

धरमतर खाडीच्या काठची आमची शेतं मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. मध्ये मातीचा बांध, म्हणून भात पिकतं. पण बांधाने खारं पाणी बाहेर राहिलं, तरी शेतात साठलेलं पावसाचं पाणी कुठून जाणार? त्यासाठी बांधात ठेवलेली वाट म्हणजे उघाडी. तिच्या तोंडाशी, खाडीच्या बाजूला, वरून टांगलेली झडप असते. भरती चढली की खाडीचं पाणीच ती दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. मोटार नाही की राखणदार नाही!

दिवाळीच्या सुट्टीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. चौथीत होती तेव्हा वजाबाकीत हातचा हमखास विसरायची. आता सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पिशवीत हायड्रॉलिक्सचं जाडजूड पुस्तक होतं. पाणी किती जोराने दाबतं, किती वेगाने वाहतं, याचं शास्त्र म्हणजे हायड्रॉलिक्स. मी पुस्तक चाळलं आणि गुपचूप मिटलं. ती हसली. म्हणाली, "बाई, यातलं निम्मं आपल्या बांधावर आहे. चला, दाखवते."

बांधावर उभं राहून मी तिला कितीतरी वर्षं मनात असलेला प्रश्न विचारला. एवढा मोठा अरबी समुद्र, आणि हा एवढासा बांध. तो ढकलला कसा जात नाही गं?

"समुद्र केवढा आहे, याच्याशी बांधाचं काही देणंघेणं नाही, बाई. बांधाला टेकलेलं पाणी किती खोल आहे, एवढंच बघायचं."

मग तिने काठीने चिखलात गणित मांडलं. पाणी एक मीटर खोल असेल, तर बांधाच्या दर मीटर लांबीवर साधारण अर्ध्या टनाचा रेटा येतो. दोन मीटर खोल झालं तर? एक टन, असं मी पटकन म्हणाले आणि चुकले. दोन टन! तीन मीटरला साडेचार. खोली दुप्पट झाली की रेटा चौपट. कारण खोल जावं तसा पाण्याचा दाब वाढतो आणि दाब सोसणारी भिंतही उंच होते. म्हणून तर बांध खाली रुंद आणि वर अरुंद घालतात. आपल्या आजे-पणजोबांनी हे पुस्तक वाचलं नव्हतं, पण बांध मात्र असेच घातले.

हॉलंडमधल्या त्या मुलाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. बांधाला पडलेल्या भोकात बोट घालून तो रात्रभर बसला. गोष्टच ती, पण गणिताने अगदी खोटी नाही. एक मीटर खोलीवर एक चौरस सेंटिमीटरच्या भोकावर पाण्याचा जोर असतो फक्त शंभर ग्रॅमच्या वजनाइतका. बोट सहज पुरेल!

"मग बांध फुटतो कसा?" मी विचारलं.

तिने खाली बोट दाखवलं. खेकड्याचं बीळ होतं. त्यातून पाणी झिरपू लागलं की थोडी थोडी माती घेऊन जातं. भोक मोठं होतं, पाणी जास्त येतं, ते जास्त माती नेतं. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात पाणी चढलं की मग खांड पडायला वेळ लागत नाही.

ती चौथीत होती त्या वर्षी असंच झालं होतं. तिच्या घरच्या शेतात खारं पाणी शिरलं. खारवलेल्या जमिनीतलं मीठ पावसाने धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे तरी जातात. तोवर भात विकत आणायचा. वडील कामाला मुंबईला गेले. ती शाळेत गप्प गप्प का असायची, हे मला फार उशिरा कळलं.

पाण्याकडूनच दार उघडून घेण्याची युक्ती मोठमोठ्या इंजिनिअरांनीही वापरली आहे. विश्वेश्वरय्या पुण्याला शिकले. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे 1903 मध्ये बसवले गेले. पाणी ठरावीक पातळीवर गेलं की ते आपोआप उघडत. त्याच खडकवासल्याला आज केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, 1916 साली सुरू झालेली. तिथे बंदरांच्या आणि नद्यांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांत खरं पाणी खेळवतात. तिला तिथे जायचंय.

तुम्हीही करून बघा. प्लॅस्टिकच्या बाटलीला एकाखाली एक तीन भोकं पाडा (सुई तापवायला मोठ्यांना सांगा). ती बोटांनी दाबून धरा, बाटली भरा आणि स्टुलाच्या कडेवर ठेवून बोटं काढा. कुठली धार सगळ्यात लांब पडते?

आमचं बोलणं चाललं होतं तोवर भरती लागली. झडप हळूच हलली आणि थाप मारल्यासारखी बसली. ती मात्र खाली उतरली होती. इंजिनिअरबाईंनी चिकणमातीचा गोळा घेतला, खेकड्याच्या बिळात कोंबला आणि वरून टाचेने घट्ट दाबला.