रांग अडली, पण कोणामुळे?

निकालाच्या दिवसांत एकाच डेटाबेसवर दहा-पंधरा जण एकदम काम करू लागले, की कधीकधी सगळ्यांचेच पडदे गोठतात. 'संगणक मंद झाला' असे म्हणून कोणीतरी मुख्य यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतो. उपाय बहुधा लागू पडतो. पण कारण कळत नाही, आणि ज्यांचे काम सुरळीत चालले होते त्यांचेही अर्धवट काम पुसले जाते. वास्तविक डेटाबेसकडे कोणाच्या कोणत्या मागण्या आल्या आहेत आणि त्यांपैकी कोणती कोठे अडली आहे, हे पाहण्याची सोय डेटाबेसमध्येच असते. या मागण्यांना क्वेरी म्हणतात. त्यांची यादी वाचायची कशी, हे येथे पाहू.

उदाहरणासाठी आम्ही पोस्टग्रेस-एसक्यूएल हा डेटाबेस घेत आहोत. बर्कली येथील विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून तो वाढला. तो मोफत मिळतो, त्यामुळे पुढील प्रयोग शाळेच्या संगणकावरही करता येईल. जोडणाऱ्या प्रत्येकासाठी पोस्टग्रेस एक वेगळी प्रक्रिया सुरू करतो आणि तिला क्रमांक देतो. या सर्व प्रक्रियांची नोंद 'पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी' नावाच्या तक्त्यात दिसते. (टाइप करताना अर्थात रोमन लिपी वापरावी.) पीजी-अ‍ॅडमिन या साधनाच्या डॅशबोर्डवर दिसते ती हीच यादी.

आता प्रयोग. 'गुण' नावाचा एक छोटा तक्ता करा. त्यात हजेरी क्रमांक 12 पुढे 54 गुण लिहा. डेटाबेसला जोडलेल्या तीन खिडक्या उघडा. पहिल्या खिडकीत 'बिगिन' अशी आज्ञा देऊन व्यवहार सुरू करा, 12 क्रमांकाचे गुण 64 करा, आणि 'कमिट' न म्हणता तसेच सोडून द्या. दुसऱ्या खिडकीत त्याच क्रमांकाचे गुण 58 करण्याची आज्ञा द्या. काहीच उत्तर येणार नाही. तिसऱ्या खिडकीतून 12 क्रमांकाचे गुण नुसते वाचले, तर मात्र 54 हे उत्तर लगेच येते. पोस्टग्रेस जुनी ओळ खोडत नाही, तिची नवी आवृत्ती शेजारी ठेवतो. म्हणून वाचणारा अडत नाही. त्याच ओळीत बदल करू पाहणारा दुसरा माणूस तेवढा अडतो.

तिसऱ्या खिडकीतूनच ती यादी मागवा. दुसऱ्या खिडकीची स्थिती 'अ‍ॅक्टिव्ह', म्हणजे कामात, अशी दिसेल. पहिलीची स्थिती 'आयडल इन ट्रॅन्झॅक्शन', म्हणजे व्यवहार उघडा ठेवून रिकामी. नवखा माणूस येथे हमखास फसतो. कामात दिसणारी क्वेरीच यंत्र अडवत असणार, असे समजून तो ती रद्द करतो. प्रत्यक्षात ती बिचारी काहीही करत नाही, दाराशी उभी आहे; आणि कुलूप लावून बसली आहे ती रिकामी दिसणारी खिडकी! स्थितीच्या बरोबरीने 'वेट_इव्हेंट_टाइप' हा रकानाही वाचला, की उलगडा होतो. दुसऱ्या खिडकीच्या ओळीत तेथे 'लॉक', म्हणजे कुलूप, असे लिहिलेले असते. कुलूप नेमके कोणाचे, हे 'पीजी_ब्लॉकिंग_पिड्स' या फलनाला अडलेल्या प्रक्रियेचा क्रमांक दिला की कळते. ही सोय 2016 च्या 9.6 आवृत्तीपासून आहे.

आणखी एक फसगत. रिकाम्या जोडणीपुढेही क्वेरीचा मजकूर दिसतो, पण तो शेवटी दिलेल्या, पूर्ण झालेल्या आज्ञेचा असतो. ती आज्ञा चालू आहे असा त्याचा अर्थ नाही. शिवाय मूळ मांडणीत मजकुराचे पहिले 1024 बाइटच ठेवले जातात. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रेलासुद्धा, तीन बाइट लागतात. त्यामुळे मराठी नावांनी भरलेली क्वेरी इंग्रजीपेक्षा बरीच आधी तुटलेली दिसते.

उघड्या व्यवहाराचे कुलूप एका ओळीपुरते असते तोवर त्रास थोडा. पण समजा, त्याच वेळी कोणी 'गुण' तक्त्यात नवा रकाना वाढवायला घेतला. त्यासाठी संपूर्ण तक्ता एकट्याला हवा असतो, म्हणून ही आज्ञा पहिल्या खिडकीच्या मागे थांबते. आणि यानंतर आलेल्या सर्व क्वेरी, नुसत्या वाचणाऱ्यासुद्धा, तिच्या मागे रांगेत उभ्या राहतात. एक माणूस 'कमिट' न करता चहाला गेला, आणि सगळे कार्यालय थांबले, असा हा प्रकार आहे.

मग करायचे काय? साधनात दोन बटणे असतात. एक चालू क्वेरी रद्द करते, दुसरे जोडणीच तोडते. रद्द करण्याचे बटण पहिल्या खिडकीवर दाबून पाहा. काहीच होणार नाही, कारण तेथे चालू क्वेरीच नाही. जोडणी तोडली, की पहिल्याचा व्यवहार मागे घेतला जातो आणि त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीत उत्तर येते. येथे जपायला हवे. चहाला गेलेल्या माणसाने दोनशे मुलांचे गुण त्या एकाच व्यवहारात भरले असतील, तर तेही गेले. व्यवहार केव्हा सुरू झाला, कोणत्या नावाने आणि कोणत्या संगणकावरून, हे यादीच्या त्याच ओळीत लिहिलेले असते. आमच्या मते बटण दाबण्यापूर्वी उठून त्या माणसाला हाक मारणे अधिक शहाणपणाचे.

लिनक्सवर काही जण उतावीळपणे ती प्रक्रिया 'किल -9' ने मारतात. तसे कधीही करू नये. एखादी प्रक्रिया अशी अचानक मेली, की सामाईक स्मृती बिघडली असेल या शंकेने पोस्टग्रेस सर्वांच्याच जोडण्या तोडतो आणि स्वतःला पुन्हा उभे करतो.

विसरलेले व्यवहार आपोआप बंद करण्यासाठी 'आयडल_इन_ट्रॅन्झॅक्शन_सेशन_टाइमआउट' नावाची मर्यादा आहे. मूळ मांडणीत ती शून्य, म्हणजे बंद, असते. ती पाच मिनिटांवर ठेवून वरचा प्रयोग पुन्हा करा, आणि पहिल्या खिडकीला हात न लावता घड्याळाकडे पाहत बसा.